नेपाळमध्ये घर उभे राहायला इतके पावसाळे का लागले

प्रश्न असा आहे: २०१५ च्या भूकंपानंतर दोनच महिन्यांत जगाने नेपाळला चार अब्ज डॉलरहून अधिक मदत जाहीर केली, तरीही लाखो कुटुंबे दोन-दोन, तीन-तीन पावसाळे पत्र्याखाली का राहिली? शेवटी जी घरे झाली ती पाहता ही पुनर्बांधणी यशस्वी म्हणायची की फसलेली? आणि गरीब देशाच्या बाबतीत भ्रष्टाचार व ढिसाळपणा यापलीकडे दुसरे कारण शोधण्याची खरोखर गरज आहे का?

शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. गरज आहे. मी मूळचा लातूर जिल्ह्यातला स्थापत्य अभियंता. किल्लारीच्या भूकंपानंतर १९९४ पासून काही वर्षे घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या कामात होतो, आणि पुढे २०१६ ते २०१९ या काळात नेपाळच्या सिंधुपाल्चोक आणि दोलखा जिल्ह्यांत गवंड्यांना भूकंपरोधक बांधकाम शिकवण्याचे काम केले. भ्रष्टाचार मी दोन्हीकडे पाहिला. पण नेपाळच्या डोंगरात घरे रखडली त्याचे सर्वांत मोठे कारण वेगळे होते. तिथल्या शेतकऱ्याचे वर्ष एका महिन्यात सुरू होते, सरकारचे दुसऱ्या महिन्यात, आणि मदत देणाऱ्या संस्थांचे तिसऱ्याच महिन्यात. पैसा, माणसे, सामान आणि कोरडे हवामान या चार गोष्टी एकाच वेळी हाताशी असल्या तरच डोंगरात घर उभे राहते. त्या चारही गोष्टी पहिली दोन वर्षे एकमेकींना भेटल्याच नाहीत.

आधी भूकंपाविषयी आवश्यक तेवढे सांगतो. २५ एप्रिल २०१५, शनिवार, नेपाळी वेळेनुसार सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी ७.८ तीव्रतेचा धक्का बसला. त्याचे केंद्र काठमांडूच्या वायव्येस, गोरखा जिल्ह्यातल्या बारपाक गावाजवळ होते. भारतीय भूपट्ट हिमालयाखाली सरकत असताना ज्या प्रचंड भ्रंशावर ताण साठत राहतो, तो भ्रंश तिथे फुटला आणि ही फूट पूर्वेकडे सुमारे दीडशे किलोमीटर पसरत गेली. काठमांडूचे खोरे या एका हालचालीत साधारण एक मीटर वर उचलले गेले. १२ मे रोजी पूर्वेकडे, दोलखा-सिंधुपाल्चोकच्या बाजूला, ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला आणि पहिल्या धक्क्यात तडे गेलेली पुष्कळशी घरे त्यात झोपली. जवळपास नऊ हजार माणसे गेली, बावीस हजारांवर जखमी झाली. एकट्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यात साडेतीन हजारांच्या आसपास मृत्यू झाले. लांगटांग खोऱ्यात वरून कोसळलेल्या बर्फ आणि दगडांच्या लोंढ्याखाली अख्खे गाव गडप झाले. जवळपास पाच लाख घरे पूर्ण पडली आणि आणखी अडीच लाखांचे अंशतः नुकसान झाले. सरकारच्या नुकसान-मूल्यांकनात एकूण हानी सुमारे सात अब्ज डॉलर, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी निघाली.

आकडे एवढेच पुरे. त्यातली एक गोष्ट मात्र मराठी वाचकांनी थांबून पाहावी अशी आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला बसलेला धक्का ६.२ तीव्रतेचा होता. नेपाळच्या धक्क्यात बाहेर पडलेली ऊर्जा त्याच्या दोनशेपटीहून जास्त होती. तरीही किल्लारी परिसरात सरकारी आकड्यानुसार आठ हजारांच्या जवळपास माणसे दगावली, आणि तीही मूठभर तालुक्यांत. किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून लोक उशिरा येऊन माळवदाखाली झोपले होते. नेपाळचा भूकंप भर दुपारच्या तोंडावर आला, तेव्हा डोंगरातली माणसे मक्याच्या शेतात होती आणि शनिवार हा तिथला सुट्टीचा दिवस असल्यामुळे शाळा बंद होत्या. हजारो शाळांच्या इमारतींचे नुकसान झाले. तोच धक्का रविवारी त्याच वेळी बसला असता तर, हा विचार मी तिथे काम करताना अनेक शिक्षकांच्या तोंडून ऐकला आणि प्रत्येक वेळी बोलणारा मध्येच थांबला.

काठमांडू शहराच्या बाबतीतही अशीच एक नशिबाची बाजू होती. शहर जुन्या सरोवराच्या गाळावर वसले आहे. या वेळी जमीन तिथे सावकाश, चार-पाच सेकंदांच्या लांब हेलकाव्यांनी हलली, आणि जमिनीचे कमाल त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढेच नोंदले गेले. असे संथ हेलकावे उंच इमारतींना आणि मनोऱ्यांना त्रास देतात, तीन-चार मजली घरांना कमी. म्हणून काठमांडूतला उंच, ऐतिहासिक धरहरा मनोरा कोसळला, पण ज्या दाट वस्तीविषयी तज्ज्ञ वर्षानुवर्षे धास्ती व्यक्त करत होते ती बरीचशी वाचली. यावरून कोणी काठमांडूची बांधकामे चांगली आहेत असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. पुढचा भूकंप वेगळ्या लयीत हलवू शकतो.

डोंगरातली घरे मात्र ज्या कारणाने पडली ते कारण मला किल्लारीपासून तोंडपाठ होते. दीड-दोन फूट जाडीची दगडी भिंत बाहेरून भक्कम दिसते, पण ती खरे तर दोन वेगळ्या भिंती असतात: एक आतला पदर, एक बाहेरचा, आणि मधल्या पोकळीत कपच्या व माती. दोन्ही पदरांना शिवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड गवंड्याने ठेवला नसेल तर जमीन हलताच मधला माल खाली बसतो, पदर सुटतात, भिंतीला पोट येते आणि ती फुटते. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नसतील तर कोपरा उभा चिरतो. मराठवाड्यात त्यावर दोन-अडीच फूट पांढऱ्या मातीचे माळवद असायचे, ते अंगावर यायचे. नेपाळात माळवद नाही, पण घर अडीच मजली असते: खाली चूल किंवा गुरे, वर झोपण्याची जागा, त्याच्यावर धान्याचा माळा, आणि दोन्ही टोकांना छपराखाली भिंतीचे उंच त्रिकोण. ते त्रिकोण सर्वांत आधी बाहेर पडतात. घराबरोबर बियाणे आणि वर्षाचे धान्यही गाडले गेले, आणि दुसऱ्या मोठ्या धक्क्यानंतर महिनाभरात पाऊस सुरू व्हायचा होता.

आता रखडण्याकडे येतो. पहिल्या पावसाळ्यासाठी सरकारने कुटुंबामागे १५ हजार नेपाळी रुपये तात्पुरत्या निवाऱ्याला आणि पुढे थंडीसाठी १० हजार दिले. (एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. पुढचे सगळे आकडे नेपाळी रुपयांत आहेत.) या पैशात जस्ताचे पत्रे आले, बांबू लोकांनी स्वतः तोडले, जुन्या घराची लाकडे ओढून काढली आणि जे उभे केले त्याला ते टहरा म्हणतात. हे काम लोकांनी विलक्षण वेगाने केले. त्या पहिल्या तीन-चार महिन्यांचे श्रेय जितके मदत पथकांना दिले जाते त्याहून जास्त शेजाऱ्यांना द्यायला हवे.

कायमच्या घरांचे काम राष्ट्रीय पुनर्निर्माण प्राधिकरणाने करायचे होते. त्यासाठी जून २०१५ मध्ये अध्यादेश निघाला, पण संसदेने तो मुदतीत मंजूर केला नाही आणि तो रद्द झाला. सगळे राजकीय बळ नव्या संविधानावर लागले होते. २० सप्टेंबर २०१५ रोजी संविधान जाहीर झाले, तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या नेपाळच्या सपाट दक्षिण भागात, त्याविरुद्ध तिथल्या मधेशी लोकांच्या पक्षांचे आंदोलन पेटले आणि भारताच्या सीमेवरची वाहतूक फेब्रुवारी २०१६ पर्यंत, म्हणजे साडेचार महिन्यांच्या आसपास, जवळजवळ ठप्प झाली. नेपाळमधले लोक याला भारताने केलेली नाकाबंदी म्हणतात. भारत सरकारने तसे असल्याचे नाकारले. मी भारतीय म्हणून तिथे काम करताना हा विषय जवळजवळ प्रत्येक गावात निघाला. दोष कोणाचा यावर मी तिथे कधी वाद घातला नाही, कारण परिणाम डोळ्यांसमोर होता: डिझेल नाही, स्वयंपाकाचा गॅस नाही, औषधे नाहीत, सिमेंट आणि सळई नाही. लक्षात घ्या, हे सर्व ऑक्टोबर ते जानेवारीत घडले. म्हणजे भूकंपानंतरचा बांधकामाचा पहिला कोरडा हंगाम बराचसा हातातून गेला. प्राधिकरणाचा कायदा डिसेंबर २०१५ मध्ये झाला.

आणखी एक कारण फारसे सांगितले जात नाही, पण मला ते नाकाबंदीइतकेच मोठे वाटते. नेपाळमध्ये त्या वेळी जवळपास वीस वर्षे स्थानिक निवडणुकाच झालेल्या नव्हत्या. गावपातळीवर निवडून आलेला एकही माणूस नव्हता. एकेक सरकारी सचिव दोन-दोन, तीन-तीन गावांचा कारभार पाहायचा आणि अनेकदा जिल्ह्याच्या ठिकाणीच बसायचा. यादीत नाव चुकले, पडलेले घर दुरुस्तीयोग्य असे नोंदले गेले, एकत्र कुटुंबातल्या तीन चुलींना एकच अनुदान लागले, तर तक्रार कोणाच्या दारात घेऊन जायची? आपल्याकडे सरपंच कितीही नावडता असला तरी त्याचे घर लोकांना माहीत असते. नेपाळमध्ये २०१७ च्या निवडणुकांनंतर वडाध्यक्ष, म्हणजे प्रभागाचे निवडून आलेले प्रमुख, आले, आणि माझ्या अनुभवात कामाचा वेग बदलला तो तिथून.

हंगामाचा हिशेब थोडा उलगडून सांगतो, कारण माझे उत्तर त्यातच आहे. डोंगरात भाताची लावणी असारात, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. त्यानंतर सप्टेंबर अखेरपर्यंत पाऊस. कच्चे रस्ते वाहून जातात, दरडी येतात, दगड फोडता येत नाही, मातीचा गारा सुकत नाही. मग दसैं आणि तिहार, नेपाळचे सर्वांत मोठे सण. त्यानंतर भाताची कापणी. घर बांधायला खरी मोकळीक मिळते ती मंसिरापासून जेठापर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. सरकारचे आर्थिक वर्ष मात्र जुलैच्या मध्याला संपते, त्यामुळे वर्षभर अडलेला निधी नेमका असारात सुटतो. नेपाळीत यासाठी 'असारे विकास' असा शब्दच आहे: भर पावसात घाईघाईने खणलेले रस्ते आणि ओतलेले काँक्रीट. घराच्या अनुदानाचा पहिला हप्ता बहुतेक गावांत २०१६ च्या मध्यावर पोहोचला. ज्याच्या खात्यात पैसे आले त्याचे दोन्ही पाय त्या वेळी चिखलात होते.

अनुदानाची पद्धत अशी होती. सुरुवातीला दोन लाख ठरले होते, ते २०१६ च्या उत्तरार्धात तीन लाख झाले. करारावर सही केल्यावर ५० हजार, जोत्यापर्यंत काम तपासणीत उतरल्यावर दीड लाख, आणि भिंती छपराच्या पट्ट्यापर्यंत गेल्यावर एक लाख. (पट्टा म्हणजे चारही भिंतींना एकत्र आवळून धरणारी काँक्रीटची किंवा लाकडाची आडवी पट्टी.) तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे. पैसा घरमालकाच्या हातात, रचना त्याच्या पसंतीची, आणि प्रत्येक टप्प्यावर अभियंत्याची तपासणी, म्हणजे पैशाच्या मोबदल्यात सुरक्षित घर. प्रत्यक्षात मात्र ५० हजारांत जोते होत नव्हते. रस्त्यापासून दोन तासांच्या चढावर खेचराने किंवा पाठीवर नेलेल्या सिमेंटच्या पोत्याची किंमत वाटेतच कितीतरी वाढायची. म्हणून माणूस आधी कर्ज काढून जोते बांधायचा, मग अभियंत्याची वाट पाहायचा. तरुण अभियंते थोडे, वस्त्या डोंगरभर विखुरलेल्या, त्यातल्या अनेकांनी मध्येच नोकरी सोडलेली. अभियंता येऊन कागद वर जाईपर्यंत वैशाख उजाडायचा. दीड लाख हाती पडेपर्यंत पुन्हा पावसाची पहिली सर. अशा रीतीने २०१५ चा पावसाळा टहऱ्यात, २०१६ चा टहऱ्यात आणि पुष्कळांचा २०१७ चाही टहऱ्यात गेला.

दोलखातल्या एका बाईंचे जोते मी पाहिले आहे. नवरा मलेशियात, सासू अंथरुणाला खिळलेली, दोन मुली शाळेत. बाईंनी दगड स्वतः वाहिले होते. जोत्याच्या पट्ट्यातल्या सळया कोपऱ्यावर वळवून एकमेकींवर पुरेशा चढवलेल्या नव्हत्या, म्हणून तपासणीत घर नापास झाले. अभियंत्याचे चुकले नव्हते. कोपऱ्यात सळई तुटक राहिली तर पट्ट्याचा उपयोग निम्म्याने संपतो. पण त्याने कागदावर 'अपात्र' लिहिले आणि तो खाली उतरून गेला. काय करायचे ते सांगितले नाही, कारण त्या दिवशी त्याला आणखी कितीतरी घरे पाहायची होती. आम्ही गेलो तेव्हा चार कोपरे फोडून, वळवलेले तुकडे घालून, तारेने बांधून पुन्हा काँक्रीट भरायला एक दिवस लागला. एका दिवसाच्या या दुरुस्तीअभावी ते जोते सात महिने उघडे पडले होते आणि त्यावर गवत उगवले होते. प्राधिकरणाने पुढे अशा घरांसाठी दुरुस्तीच्या उपायांची पुस्तिका काढली, तिचा फार उपयोग झाला. ती पहिल्याच वर्षी हवी होती.

गवंड्यांविषयी लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. देशातले कमावते तरुण आखातात आणि मलेशियात. परदेशातून येणारा पैसा देशाच्या उत्पन्नाच्या पाव हिश्श्याहून अधिक. एकाच वेळी लाखो घरे बांधायची आणि गावात उरलेले डकर्मी, म्हणजे गवंडी, साठीच्या पुढचे. नवख्यांसाठी पन्नास दिवसांचे आणि अनुभवी लोकांसाठी सात दिवसांचे प्रशिक्षण होते. अनुभवी गवंड्याला शिकवणे जास्त अवघड असते, कारण त्याच्या बापाने आणि आज्याने बांधलेली भिंत पडली आहे हे मान्य करणे त्याच्यासाठी नुसत्या तंत्राचा प्रश्न नसतो. एका म्हाताऱ्या डकर्मींनी मला विचारले की माझी भिंत दीड हात जाड आहे, तिला तीन इंचांचा लाकडाचा पट्टा काय धरणार? मी आकृती काढायला लागलो. तेवढ्यात शेजारून एक मुलगी गवताचा भारा कपाळावरच्या नाम्लोने तोलत चढ चढत होती. नाम्लो म्हणजे कपाळाला लावून पाठीवरचे ओझे पेलायचा पट्टा. डकर्मींनी तिच्याकडे पाहिले, भाऱ्याभोवती आवळलेल्या दोरीकडे पाहिले आणि आपल्याच लोकांना म्हणाले, गवत दोरी सोडताच पसरते, तशी भिंत पसरते. त्यानंतर त्या गावात पट्ट्याचे महत्त्व मला पुन्हा समजावून सांगावे लागले नाही. आरपार दगड मात्र शेवटपर्यंत डोळ्यांत तेल घालून पाहावा लागला, कारण तो भिंतीत गेल्यावर दिसत नाही, आणि तेवढा लांब दगड मिळवायला अर्धा दिवस जातो.

पैशाचा हिशेब कटू आहे. दोन खोल्यांच्या साध्या घरालाही अनुदानाच्या दुप्पट-तिप्पट खर्च येई. भूकंपग्रस्तांसाठी सवलतीच्या व्याजाचे कर्ज जाहीर झाले होते, पण ज्याच्याकडे तारण नाही त्याला बँक दारात उभे करत नव्हती आणि प्रत्यक्षात ते फार थोड्यांना मिळाले. उरलेल्यांनी सावकाराकडून शेकडा दोन-तीन दराने काढले, आणि हा दर महिन्याचा असतो. त्यातच हप्ते उचलण्यासाठी मुदती घातल्या जात आणि पुन्हा वाढवल्या जात. पुढची मुदत वाढेल की नाही हे कोणाला ठाऊक नसल्यामुळे लोकांनी निकषात बसेल असे सर्वांत लहान घर बांधून टाकले: एक खोली, एक दार, एक-दोन खिडक्या, वर पत्रा. गावोगाव अशा खोल्या दिसतात. शेजारी जुने, तडकलेले घर अजून उभे असते, कारण धान्य, शेळ्या, चूल आणि भांडी त्या एका खोलीत मावत नाहीत. सुरक्षित खोलीत कोठार आणि धोक्याच्या घरात झोपणारी माणसे, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की पूर्ण झालेल्या घरांची टक्केवारी कोणी सांगितली की मी आधी विचारतो, रात्री त्यात कोण झोपते?

ज्यांच्याकडे लालपुर्जा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा कागद, नव्हता त्यांचे हाल वेगळेच. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या किंवा गुठीच्या, म्हणजे देवस्थान-धर्मादाय संस्थेच्या, जमिनीवर राहणारे, भूमिहीन दलित, नवऱ्याच्या नावावर सगळे असलेल्या एकट्या स्त्रिया, ही मंडळी रांगेत शेवटी राहिली. रसुवा जिल्ह्यातल्या हाकूसारख्या गावांची जमीनच दरडींमुळे राहण्यायोग्य उरली नाही, आणि तिथले तामाङ जमातीचे लोक वर्षानुवर्षे छावण्यांत राहिले. नियम पुढे बरेच सैल केले गेले आणि जमीन घेण्यासाठी दोन लाखांची मदतही ठरली. तोपर्यंत रस्त्याकडेच्या जमिनीचे भाव वाढून गेले होते.

एवढे सांगूनही, ही पुनर्बांधणी फसली असे मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाची मुदत संपली तोपर्यंत सहा लाखांहून अधिक घरे लोकांनी स्वतः बांधून पूर्ण केली होती, आणि त्यांतल्या बहुसंख्य घरांत पट्टे आहेत, कोपरे शिवलेले आहेत, छप्पर हलके आहे. इतक्या दुर्गम मुलखात, इतक्या गरीब देशाने, ठेकेदाराच्या हाती न देता एवढे काम करणे ही मोठी गोष्ट आहे. माझ्यापाशी तुलनेला किल्लारी आहे. तिथे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, सरळ रस्त्यांची, एकसारख्या घरांची. घरे मजबूत होती, पण बरीच वर्षे लोक म्हणत की हे गाव आमचे वाटत नाही, गोठ्याला जागा नाही, शेत लांब पडले. त्याच कार्यक्रमात हजाराहून अधिक गावांतल्या घरांची दुरुस्ती मालकांनी स्वतः करून घेतली, गावातल्या बायका संवाद सहायक, म्हणजे घरमालक आणि सरकार यांच्यातला दुवा, म्हणून त्यात उतरल्या, आणि त्या भागाचा बोलबाला कमी झाला तरी काम जास्त टिकाऊ निघाले. त्यानंतर २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये घरमालकाच्या हाती पैसा देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. नेपाळने हीच वाट धरली, आणि ती धरली हे योग्यच झाले.

मंदिरे आणि दरबार चौकांविषयी थोडक्यात. काठमांडूचे काष्ठमंडप, म्हणजे जुना लाकडी मंडप, कोसळले तेव्हा आत रक्तदान शिबिर चालू होते. ते पुन्हा उभे करताना ठेकेदारी पद्धतीला आणि काँक्रीटला काठमांडू खोऱ्याच्या मूळ रहिवासी नेवार लोकांनी ठाम विरोध केला आणि जुन्याच पद्धतीने, लाकूड आणि विटांत, ते काम करून घेतले. धरहऱ्याचे मात्र २०२१ मध्ये काँक्रीटचा मनोरा म्हणून उद्घाटन झाले, तेही डोंगरांतल्या कित्येक छावण्या अजून रिकाम्या झाल्या नसताना. मला तो क्रम चुकीचा वाटला आणि अजूनही वाटतो.

सर्वांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट म्हणजे न पडलेली घरे. ज्या घरांना तडे गेले पण जी उभी राहिली, त्यांच्या मजबुतीकरणाला एक लाख आणि पाडून नवे बांधायला तीन लाख, असा फरक असल्यावर माणूस काय निवडणार हे उघड आहे. वास्तविक काठमांडू खोऱ्यात भूकंपाआधी मजबूत केलेल्या शाळा तग धरून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या अंगणांत लोकांनी आसरा घेतला होता. ते उदाहरण समोर असूनही २०१५ च्या भूकंपग्रस्त भागाबाहेरच्या घरांना कोणी हात लावला नाही. पश्चिम नेपाळात १५०५ च्या महाभूकंपानंतर तेवढा मोठा भूकंप झालेला नाही आणि तिथे ताण साठलेला आहे, हे भूशास्त्रज्ञ सातत्याने सांगत आले आहेत. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पावणेबाराच्या सुमारास जाजरकोटला ५.७ तीव्रतेचा, म्हणजे नेपाळच्या मानाने लहान, धक्का बसला आणि दीडशेहून अधिक माणसे झोपेत दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. छायाचित्रांत त्या भिंती पाहिल्या: दोन सुटे पदर, मधे माती, आरपार दगड कुठेच नाही. तिथे तात्पुरत्या निवाऱ्यासाठी कुटुंबामागे ५० हजार रुपये ठरले, तेही पुन्हा दोन हप्त्यांत, आणि नेपाळी कार्तिक अर्धा उलटून गेला होता, डोंगरात रात्री दहिवर गोठू लागले होते.